गतवर्षाचा आय-व्यय

चैत्र शुद्ध प्रतिपदेस बंगळुरात ‘बेवु-बेल्ल’ म्हणजे कडुनिंब व गूळ एकत्र करून देवापुढे ठेवतात आणि मग घरातील सर्वजण तो खातात. महाराष्ट्रातही पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग घालून वाटतात. दोन्हीकडे त्या दिवशी नव्या संवत्सराचे पंचांग वाचले जाते. संवत्सराचे नाव, पाऊसमान, धान्याची स्थिती आणि शेवटी राशीगणिक आय-व्यय. आपल्या राशीला काय आले हे ऐकण्यास घरातील वृद्धांपासून मुलांपर्यंत सारे कान टवकारतात. परंतु जे वर्ष आदल्या दिवशी सरले त्याचे पंचांग कोणी उघडीत नाही. येणाऱ्या वर्षाचा आय-व्यय खरा ठरेल की खोटा, यात मतभेद असू शकतील. गेलेल्या वर्षाचा आय-व्यय मात्र ज्याचा त्यास पक्का ठाऊक असतो, आणि नेमका तोच वाचण्याचे मनुष्य टाळतो.

बंगळुरातील मराठी कुटुंबे आजकालची नाहीत. सतराव्या शतकात शहाजीराजांचे वास्तव्य या नगरात होते. पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने कित्येक घरे येथे येऊन स्थिरावली. अशा एखाद्या घरातील पन्नाशीला आलेला गृहस्थ वाचकाने डोळ्यांपुढे आणावा. त्याचे गतवर्ष लौकिक दृष्टीने उत्तम गेले आहे. कचेरीत बढती मिळाली, घराचे कर्ज फिटले, कन्येचा विवाह चांगल्या कुळात झाला. परंतु त्याच वर्षी आषाढात गावी त्याची वृद्ध माता निवर्तली. धाकट्या भावाने तीन वेळा दूरध्वनी करून बोलाविले होते. ‘कामाचा भार आहे, पुढच्या महिन्यात रजा काढून येतो’ असे उत्तर याने तीनही वेळा दिले. तो पुढचा महिना आईच्या आयुष्यात उगवला नाही. आता या वर्षास शुभ म्हणावे की अशुभ? मित्रमंडळी अभिनंदन करतात तेव्हा तो हसतो, आणि रात्री दिवा मालविल्यावर तोच तिसरा दूरध्वनी पुन्हा पुन्हा कानांत वाजतो.

अशा मनुष्यास गीता काय सांगते?

प्रथम त्याच्या यशाविषयी. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी संपत्तीच्या मनुष्याचे मनोगत वर्णिले आहे, ते एखाद्या सावकाराच्या खतावणीसारखे आहे. काय हाती आले, काय यावयाचे आहे, आणि प्रत्येक रकमेपुढे ‘मी’ हे एकच नाव! बढती मिळणे, घर होणे यांत दोष नाही. गृहस्थाश्रम अर्थावाचून चालत नाही. दोष आहे तो नावाच्या रकान्यात. अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. कर्ता हा त्या पाचांतील केवळ एक. या गृहस्थाने आपली बढती त्या कसोटीवर तपासून पाहावी. वर्षभर तो एकही दिवस रजा न घेता कचेरीत जाऊ शकला, ते कोणाच्या बळावर? गावी धाकटा भाऊ आईच्या उशाशी बसला होता म्हणून. भावाने शेताकडे दुर्लक्ष केले, रात्री जागविल्या, औषधे आणली. आणि त्या जागरणांचे फळ बंगळुरात थोरल्याच्या नावावर जमा झाले. हिशेब असा मांडला की यशाची मिठास कमी होते खरी, पण त्याबरोबर एक जुना धनको सापडतो, ज्याचे देणे अद्याप फेडता येण्यासारखे आहे.

आता पश्चात्तापाविषयी. येथे जरा थांबणे अवश्य आहे. कारण धर्मग्रंथ वाचणारी सज्जन माणसेच या ठिकाणी अधिक फसतात.

त्याच अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार आहेत. त्यांतील तामस धृतीचे वर्णन विचार करायला लावणारे आहे. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना दुर्बुद्धी मनुष्य जिच्या योगे सोडीत नाही, ती तामस धृति. शोक हा दुर्बळपणा आहे असे आपण समजतो. भगवंत म्हणतात, तो सोडून न देण्यासाठीही बळ खर्ची पडते. फक्त ते बळ उलट्या बाजूस लागलेले असते. मनुष्य शोक का सोडीत नाही? कारण शोक करणे म्हणजेच ऋण फेडणे, अशी त्याची समजूत होते. रोज रात्री तासभर स्वतःस दोष दिला की त्या दिवसाचा हप्ता भरला! असे कितीही हप्ते भरले तरी मुद्दल तसेच राहते, आणि दिवसा त्याला काहीही निराळे करावे लागत नाही. हा सौदा मनास फार सोयीचा असतो.

अर्जुनाचा शोकही खोटा नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरे अश्रू होते, मुखात शास्त्रवचने होती, अंतःकरणात करुणा होती. श्रीकृष्णांनी त्या अश्रूंची चेष्टा केली नाही. त्यांतून कर्तव्य टाळण्याची जी वाट निघत होती तेवढी बंद केली.

पश्चात्ताप कसा वागवावा याचे एक अर्वाचीन उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. १८८५ साली राजकोटास करमचंद गांधी आजारी होते. सोळा वर्षांचा मोहनदास रोज रात्री त्यांचे पाय चेपीत असे. एका रात्री चुलते म्हणाले की आता मी बसतो, आणि तो पत्नीच्या खोलीत निघून गेला. काही मिनिटांतच नोकराने दार ठोठावले. पिता गेला होता. ही गोष्ट महात्माजींनी सुमारे चाळीस वर्षांनी आत्मकथेत लिहिली. नोव्हेंबर १९२५ पासून ‘नवजीवन’ पत्रात ती आठवड्या-आठवड्याने छापली जात होती. चुलत्यांनीच जावयास सांगितले, ही सबब त्यांनी पुढे केली नाही. आणि ऊर बडवून घेणेही केले नाही. तो डाग पुसता आला नाही, एवढे सरळ लिहिले आणि पुढच्या प्रकरणास हात घातला. त्यांच्या उत्तर चरित्रात मात्र रुग्णाची सेवा हा विषय पदोपदी येतो. १९०४ मध्ये जोहान्सबर्गला फुप्फुसाच्या प्लेगचे रोगी, १९४० च्या सुमारास सेवाग्रामात कुष्ठरोगाने पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री, ज्यांच्या अंगाला ते स्वतःच्या हातांनी मालिश करीत. राजकोटची ती रात्र आणि हे मालिश यांचा कार्यकारणभाव कोणी सिद्ध करावा असे नाही. परंतु वडिलांचे पाय सोडून गेलेले हात पुढे आयुष्यभर रुग्णांच्या सेवेत राहिले, एवढे तर दिसतेच.

त्याच आत्मकथेची प्रकरणे निघत असता त्यांचे एक वर्ष बंगळुराशी निगडित झाले आहे. १९२६ साल त्यांनी बहुतांशी साबरमती आश्रमात काढले होते व फेब्रुवारी ते नोव्हेंबर असे नऊ महिने आश्रमवासीयांपुढे गीतेवर प्रवचने केली होती. १९२७ मध्ये खादीसाठी मोठा दौरा आखला. मार्चअखेर कोल्हापूर-निपाणी भागात शरीराने एकाएकी असहकार पुकारला. रक्तदाब वाढला, दौरा स्थगित झाला. काही दिवस सावंतवाडीजवळ आंबोलीस, मग एप्रिलमध्ये बंगळुरापासून सुमारे साठ किलोमीटरवरील नंदीदुर्गावर, आणि जूनपासून ऑगस्टअखेर खुद्द बंगळुरात, असा त्यांचा विश्रांतीचा काळ गेला. जे गीतेवर नऊ महिने बोलले, त्यांना आता ती अंथरुणावर आचरण्याची पाळी आली!

चरित्रग्रंथांत हे महिने अर्ध्या परिच्छेदात उरकतात, कारण त्यांत सत्याग्रह नाही, तुरुंग नाही, करार नाही. पण त्या दिवसांत त्यांनी काय केले? बंगळुरात सरकारी दुग्धसंस्था होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य ठाणे पुढे १९५५ साली कर्नालला गेले, आणि बंगळुरात आडुगोडी भागात तिची शाखा राहिली. सत्तावन्न वर्षांचा हा पुरुष तेथे गोपालनाचे धडे घेण्यास विद्यार्थ्यासारखा जात असे, आणि भेटीच्या वहीत त्याने आपली नोंद साबरमतीचा शेतकरी अशी केली. १२ जुलैस भारतीय विज्ञान संस्थेत जाऊन तेथील विद्यार्थ्यांशीही ते बोलले. प्रकृती जितके करू देईल तितके केले. उरलेल्याविषयी आक्रोश केला नाही.

कित्येक गृहस्थांची वर्षे अशीच मध्ये मोडतात. कोणी सहा महिने अंथरुणास खिळतो, कोणाची गिरणी बंद पडते, कोणाचा मुलगा परीक्षेत नापास होतो. आणि वर्षाखेर मनुष्य म्हणतो, ‘हे वर्ष फुकट गेले.’ सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच धसका बोलून दाखविला आहे: अर्ध्यावर ज्याची साधना तुटली, तो दोन्हीकडून नष्ट होतो की काय? त्यावर भगवंतांनी ‘बापा’ म्हणावे अशा वात्सल्याने त्यास संबोधिले व अभय दिले, की शुभ करणाऱ्याचे केलेले कोठेही वाया जात नाही. ‘फुकट गेले’ हा निर्णय देताना मनुष्य केवळ फळाचा रकाना पाहतो. त्या मोडलेल्या महिन्यांत त्याने कोणाशी गोड शब्द बोलला, कोणाची सेवा निमूट स्वीकारली, चिडचिड किती आवरली, हे रकाने त्याच्या वहीत आखलेलेच नसतात.

आता त्या गृहस्थाकडे पुन्हा वळू. आईच्या बाबतीत जे राहिले ते राहिले. कोणत्याही प्रायश्चित्ताने तो तिसरा दूरध्वनी परत येणार नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यावर त्याने विश्वास ठेवू नये. आषाढात वर्षश्राद्ध येईल. तो शंभर पाने उठवील, दक्षिणा देईल; ते योग्यच आहे. परंतु त्याआधी त्याने गावी जाऊन भावापुढे बसावे आणि ‘मी यावयास हवे होते; आलो नाही’ एवढेच सांगावे. कामाचा भार, साहेब, रजेचे नियम, यांतील एकही शब्द त्यास जोडू नये. भाऊ रागावेल किंवा रडेल. कदाचित ‘जाऊ दे दादा’ म्हणून विषय बदलील. तिन्हींपैकी जे होईल ते याने ऐकून घ्यावे. मग जागरणांनी भावाची स्वतःची प्रकृती कशी झाली आहे, शेत कोणत्या अवस्थेत आहे, त्याच्या मुलाच्या शिक्षणाचे काय, हे विचारावे आणि जे हाताने करता येईल ते करावे. कचेरीतील एखादा तरुण सहकारी आजारी वडिलांसाठी रजा मागावयास आला, तर नव्या अधिकारपदाचा उपयोग त्याच क्षणी होऊ शकतो.

राहता राहिल्या आठवणी. गीतेत स्मृति हा शब्द मोठ्या वजनाने येतो. दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या नाशाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयांच्या चिंतनापासून निघालेला तो आसक्ती, काम, क्रोध, मोह असा घसरत स्मृतिभ्रंशापर्यंत येतो, आणि पुढे बुद्धीच जाते. उलट ग्रंथाच्या अखेरीस अर्जुन सांगतो की मोह गेला, स्मृति परत मिळाली. त्यास काय आठवले? द्रौपदीचे स्वयंवर, खांडववन, वनवासातील अपमान यांपैकी काहीही तो विसरला नव्हता. उलट त्या आठवणींच्या गर्दीतच तो गुदमरत होता. परत मिळाली ती आपण कोण व आपले करणे काय याची जाणीव. म्हणून वर्षाखेर आठवणी उगाळणारा प्रत्येक जण गीतेच्या अर्थाने स्मृतिमान असतोच असे नाही.

या नगरातील एका थोर गीताचिंतकाने आठवणींचा जो उपयोग केला तो येथे सांगण्याजोगा आहे. देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा, अर्थात डी. व्ही. जी. (१८८७–१९७५), हे कन्नड कवी, पत्रकार व विचारवंत होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी त्यांना इतका आदर होता, की १९४५ मध्ये बंगळुरात त्यांनी जी लोकशिक्षणाची संस्था काढली तिला गोखल्यांचेच नाव दिले. त्यांच्या ‘जीवनधर्मयोग’ या गीतेवरील ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे खाजगी जीवन सुखाचे नव्हते. १९२४ मध्ये पत्नी भागीरथम्मा जळून मरण पावल्या आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. असा मनुष्य आत्मचरित्र लिहावयास बसता तर दुःखाची व कर्तृत्वाची सामग्री विपुल होती. १९७० साली नागरिकांनी सत्कार करून एक लक्ष रुपयांची थैली दिली, ती त्यांनी जशीच्या तशी गोखले संस्थेस देऊन टाकली, हे एकच प्रकरण दुसऱ्या कोणास पुरले असते. परंतु त्यांनी लिहिले ते ‘ज्ञापक चित्रशाले’, म्हणजे आठवणींची चित्रशाळा. तिचे अनेक खंड आहेत आणि त्यांत चित्रे आहेत ती दुसऱ्यांची: वैदिक विद्वान, गायक, कारभारी, साहित्यिक, आणि ज्यांचे नाव अन्यत्र कोठेही छापले गेले नसते अशी साधी माणसे. लेखक त्या दालनातून दिवा घेऊन हिंडतो. भिंतीवर स्वतःची तसबीर लावीत नाही.

अशी चित्रशाळा प्रत्येक घरात मांडता येते, आणि त्यासाठी लेखक असावे लागत नाही. सरलेल्या वर्षातील अशी माणसे एका वहीच्या पानावर उतरून काढावीत. आईच्या उशाशी बसलेला भाऊ, कन्येच्या लग्नात चार दिवस चुलीपुढे राबलेली शेजारीण, कर्जाचे कागद तीनदा परत पाठवून शेवटी बिनचूक करून देणारा पेढीतील तो त्रासिक कारकून, आणि शेवटच्या आठवड्यात आईच्या तोंडात पाणी घालणारी गावची ती परिचारिका, जिचे नाव या गृहस्थाने अद्याप विचारलेले नाही.