आईबापांच्या शब्दाला वजन

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम २०:१२, लूक २:४१-५२



बारा-तेरा वर्षांच्या वयात घरातले बोलणे टोचू लागते. कोठे होतास, कोणाबरोबर होतीस, इतका उशीर का, तो मोबाईल आता तरी ठेव, अशा प्रत्येक प्रश्नात संशय दिसतो. आईबापांना आपले मन कळत नाही असे वाटते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. अशा वेळी देवाची आज्ञा आपल्यापासून काय अपेक्षिते?

‘मान राखणे’ ह्यासाठी निर्गमाच्या मूळ इब्री वचनात जे क्रियापद आहे, त्याच्या धातूचा अर्थ ‘जड असणे’ असा आहे. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, असे आपण मराठीतही म्हणतोच. उलट निर्गम २१:१७ मध्ये आईबापांना शाप देण्यासाठी योजलेल्या क्रियापदाचा धातू ‘हलके असणे’ असा आहे. ह्यावरून कळते की, अपमान करण्यास तोंडून शिवी निघालीच पाहिजे असे नाही. हलके लेखणे पुरेसे आहे. इंदूर, हैदराबाद किंवा बंगळूर येथे इंग्रजी शाळेत शिकणारे आपले एखादे मूल मित्रांसमोर आईच्या मोडक्या इंग्रजीची लाज बाळगते, तेव्हा ते काही बोलत नाही. परंतु तराजूत आईचे पारडे वर गेलेले असते.

आता यरुशलेमेकडे पाहा. प्रभू येशू बारा वर्षांचा होता. वल्हांडण सण आटोपून मरीया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, तेव्हा मुलगा बरोबर नाही हे त्यांच्या ध्यानात आले. तीन दिवसांनंतर तो मंदिरात सापडला. मरीयेचा पहिला शब्द तक्रारीचा होता. परंतु त्याच श्वासात तिने सांगितले की, आम्ही दोघे कष्टी होऊन तुझा शोध करीत होतो. तेथे लूकने वापरलेले ग्रीक क्रियापद त्याने पुढे सोळाव्या अध्यायात, ज्वाळेत तळमळणाऱ्या श्रीमंताच्या यातनांसाठीही वापरले आहे. बाहेर तक्रार होती, आत यातना होती. आपल्या घरातील पुष्कळशा रागावण्याचे मूळही असेच भीतीत असते.

येशूने उत्तर दिले, पण ते आईबापांना समजले नाही. लूक हे झाकून ठेवत नाही. आणि लगेच पुढच्याच वचनात तो सांगतो की, येशू त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. आधी मला समजून घ्या, मग मी मान देईन, अशी अट प्रभूने घातली नाही. स्वर्गीय पित्याविषयीचे सत्य त्याने सोडले नाही, आणि नासरेथचे घरही सोडले नाही. मरीयेने त्या गोष्टी अंतःकरणात जतन केल्या. आईबापांनाही समजण्यास वेळ लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इफिसकरांस लिहिताना पौल मुलांना ‘प्रभूमध्ये’ आज्ञा पाळण्यास सांगतो, आणि लेकरांना चिडीस आणू नका असे बापांनाही बजावतो. घरात मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर तो लपविणे म्हणजे मान राखणे नव्हे. विश्वासातल्या वडीलधाऱ्यास, पाळकांस किंवा शिक्षकांस सांगा. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. ह्यात आज्ञाभंग नाही.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांची घरे केवळ थकलेली व काळजीने भरलेली असतात. तेथे पुढच्या वादापूर्वी शांतपणे विचारा : “आई, तुला नेमकी कशाची भीती वाटते?” “बाबा, माझ्या वयाचे असताना तुम्हाला काय सोसावे लागले?” आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. शब्दाला वजन देण्याचा आरंभ कानांपासून होतो.

वधस्तंभावर प्राणांतिक वेदना सोशीत असतानाही ज्याने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले, तो प्रभू येशू आपणा सर्वांना असे अंतःकरण देवो. आमेन.