वस्तीच्या गाडीचा वाहक

संध्याकाळी आगारातून सुटलेली वस्तीची एसटी रात्री गावातच मुक्काम करते. चालक-वाहक तिथेच पाठ टेकतात आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघतात. कोणत्या वाडीवरच्या मुली कॉलेजसाठी याच गाडीच्या भरवशावर आहेत, बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या घेऊन बायका कुठल्या थांब्यावर चढतात, हे वाहकाला तोंडपाठ असते. फेऱ्या ठरवताना मात्र त्याला कोणी विचारत नाही. प्रवाशाला तर नाहीच.

२०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचारी संपावर गेले. तुटपुंजा पगार, तोही वेळेवर नाही. काही जणांनी तर आयुष्यच संपवले. कर्मचाऱ्यांचा संताप रास्तच होता. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली. एवढे महिने पेण-रोह्याच्या खेड्यांतली माणसे मिनीडोर रिक्षाला जास्तीचे पैसे मोजत होती, नाहीतर पायपीट करत होती. वाहक आणि प्रवासी, दोघेही भरडले गेले, पण एकत्र आले नाहीत. मला याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते.

विलीनीकरण झाले असते, तर पगाराची हमी मिळाली असती. पण वेळापत्रकाच्या टेबलाशी वाहकाला खुर्ची मिळालीच असती, असे नाही. सरकार मालक झाले म्हणून कारभार आपोआप लोकांचा होत नाही.

लोकांना विचारता येत नाही, असे तरी कोणी म्हणू नये. २१ सप्टेंबर २००८ रोजी याच पेण तालुक्यात महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही, यावर प्रशासनाने २२ गावांतल्या शेतकऱ्यांचे मतदान घेतले होते. जमिनीसारख्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर शेतकरी कौल देऊ शकतो, तर सकाळची गाडी किती वाजता हवी, हे गाव सांगू शकणार नाही?

एसटीतल्या संघटनांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. पुढच्या मागणीपत्रात पगाराच्या कलमाखाली आणखी एक कलम घाला: प्रत्येक आगारात चालक-वाहक, प्रवासी आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसूनच फेऱ्या ठरवाव्यात. आणि गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत गाडीचा विषय घ्या. त्या सभेला वस्तीच्या गाडीच्या चालक-वाहकांनाही बोलवा.