गडाच्या पाठीमागची दिंडी

शास्त्रपाठ : मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय ७, वचने १३ व १४



वर नेमलेली दोन वचने प्रथम घरी मोठ्याने वाचावी, आणि मग हा लेख हाती घ्यावा. प्रभु येशू तेथे दोन दारांविषयी व दोन वाटांविषयी बोलतो. रुंद दाराविषयी कोणास समजावून सांगण्याची गरज पडत नाही. ते दुरून दिसते व त्यातून माणसांची रीघ लागलेली असते. अरुंद दाराविषयी मात्र तो विलक्षण बोलतो. ते थोड्यांनाच पेलते असे तो म्हणत नाही. थोड्यांना सापडते असे म्हणतो. म्हणजे ते दार कोणी कुलूप लावून बंद केलेले नाही. ते तेथेच आहे. परंतु येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

आपल्या खेड्यांतील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस 'दिंडी' हा शब्द ठाऊक आहे. मोठ्या दरवाजाच्या फळीतच एक लहान दार असते. मोठा दरवाजा वरातीसाठी, गाडीबैलासाठी उघडावयाचा. एरवी माणसाने दिंडीतून, मान लववून, आत यावयाचे. पाटील असो की सांगावा घेऊन आलेला गडी असो, मान दोघांनाही लववावी लागते. न लववील त्याच्या कपाळास चौकट लागते, हेही आपण पाहिले आहे.

आता पन्हाळ्याकडे वळू. आपल्या नेसरी भागातील कुटुंबे सुटीत मुलाबाळांसह एक दिवसाच्या सहलीस निघाली, की गडहिंग्लज, संकेश्वर, कोल्हापूर असे करीत बहुधा पन्हाळ्यासच जातात. कोल्हापुरापासून गड अवघ्या पाच कोसांवर. वर हवा थंड, झुणकाभाकर मिळते, आणि पाहण्याची ठिकाणे ठरलेली : तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, अंबरखाना, बाजीप्रभूंचा पुतळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यांत पन्हाळा आहे. तेव्हापासून तर 'पाहून आलो' असे सांगण्याची हौस आणखीच वाढली आहे. दुपारपर्यंत सर्व पाहून होते आणि मंडळी परत फिरते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या मंडळीतील काही कुटुंबांबरोबर मी तेथे होतो. जेवणे आटोपून बायकामाणसे सावलीस बसली होती. इतक्यात विळा व दोरी घेतलेली एक म्हातारी तटाच्या कडेकडे गेली आणि पाहता पाहता दिसेनाशी झाली. मुले धावली. तिला हाका मारून विचारू लागली, "आजी, कुठं चाललाय?" ती खालून म्हणाली, "ह्या दिंडीतनं की रं बाळांनो! आमची रोजची वाट हाय."

ती राजदिंडी होती. गडाच्या मोठ्या दरवाजांपुढे ते दार काहीच नव्हे. तेथून पायवाट झाडीतून खाली तुरुकवाडीकडे उतरते, पुढे म्हाळुंगे गावावरून मसाईच्या पठारावर चढते, आणि डोंगरवाड्यांमागून वाड्या ओलांडीत पांढरेपाणी व पावनखिंड गाठून विशाळगडास जाते. पावसाळ्यात हजारो तरुण ही वाट मुद्दाम चालतात हे खरे. परंतु सहलीस आलेल्या कुटुंबांपैकी कितीजण त्या दारापाशी तरी जातात? आम्ही मुलांसह अर्ध्या घटकेची वाट उतरलो. वरचा गलबला एका वळणातच ऐकू येईनासा झाला.

त्या दाराची कथा मुलांस तेथेच सांगितली, ती येथेही थोडक्यात सांगतो. १६६० च्या मार्च महिन्यापासून सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला होता व शिवाजी महाराज आत अडकले होते. राजापूरच्या इंग्रजांनीही तोफा आणून गडावर मारा केला. चार महिने गेले, पाऊस लागला, तरी वेढा ढिला होईना. तेव्हा महाराजांनी शरण येण्याची बोलणी लावली. पहारेकरी थोडे निश्चिंत झाले, आणि जुलै महिन्यात, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसात रात्री सुमारे सहाशे माणसांनिशी महाराज निसटले. ते या पाठीमागच्या दिंडीतून गेले अशी परंपरा आहे.

येथे अंबरखान्याची आठवण करा. गंगा, यमुना व सरस्वती अशा त्याच्या तीन प्रचंड कोठ्या. त्यांत हजारो खंडी धान्य राहत असे. त्या रात्री त्यांतले काय बाहेर गेले? पाठीवरच्या शिदोरीएवढे! तोफा राहिल्या, कोठ्या राहिल्या, तटबुरूजही राहिले. लूकच्या बाराव्या अध्यायातील त्या धनवान शेतकऱ्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला होता. ज्या रात्री त्याचा जीव मागितला गेला त्या रात्री त्याच्यापुढेही असेच लहान दार होते, आणि त्याचे सारे लक्ष कोठारांच्या रुंदीकडे होते.

बंधूंनो, आपल्याजवळ गंगाकोठी नाही, हे मी जाणतो. परंतु दिंडीत अडकण्यास कोठीच लागते असे नाही. आपल्या वाडवडिलांनी प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा घेतला त्यास आता तीन तीन, चार चार पिढ्या झाल्या. तरी मुलामुलीच्या लग्नाचे बोलणे निघाले की उपासनेत शेजारी बसणाराच हळूच विचारतो, "पण मूळचे कोण?" हा प्रश्न केवढा लहान, चार अक्षरांचा! पण तो डोक्यावर आडवा बांधलेल्या वाशासारखा आहे; तो घेऊन कोणतीही दिंडी ओलांडता येत नाही. दोन चांगल्या, प्रार्थनाशील घरांतील सोयरीक केवळ या प्रश्नापायी मोडलेली मी पाहिली आहे, आणि त्या मुलीस धीर देण्यास मला शब्द सुचले नाहीत.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, वाट अरुंद ती चांगली, एवढेच ना? नव्हे. नेसरीच्या माणसास मी खिंडीची ओळख काय करून द्यावी! २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तेथे तुटून पडले व सातही जण कामी आले. आदल्या वर्षी उमराणीस हाती आलेल्या खानास त्यांनी सोडून दिले होते आणि त्याबद्दल महाराजांचा कठोर शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता. त्या सातांच्या शौर्याविषयी मला संशय नाही. त्यांच्या स्मारकापुढे मीही मस्तक लववितो. परंतु ज्या राजाचा शब्द त्यांना लागला तो स्वतः चौदा वर्षांपूर्वी रात्री मागील दाराने निघून गेला होता, आणि त्यात त्याने कमीपणा मानला नाही. खिंडही अरुंद व दिंडीही अरुंद. पण दुखावलेल्या मनाने घोड्यास टाच मारणे ही प्रभूने सांगितलेली वाट नव्हे. आपल्या मंडळ्यांत कोणी रागाने उपासनेस येणे सोडतो, भावाशी बोलणे टाकतो, आणि वर म्हणतो, मी अरुंद मार्गाने चाललो आहे. तो खिंडीत उभा आहे, दिंडीत नाही.

प्रेषित पौलाचे पाहा. दिमिष्क नगराच्या वेशींवर पहारा बसला तेव्हा त्याला पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो आपल्या दुर्बळतेच्या गोष्टी सांगतो, त्यांत ही शेवटी ठेवतो. एवढा विद्वान मनुष्य, आणि भाजीच्या ओझ्यासारखा दोरीने उतरला!

आता त्या रात्रीची दुसरी पालखी. महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा, नाभिक समाजातला, राजाचा पोशाख घालून तीत बसला व शत्रूच्या हाती सापडेल अशा वाटेने गेला. ओळख पटल्यावर त्यास ठार मारले, अशी परंपरा सांगते. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे थांबले आणि राजा विशाळगडी पोहोचेपर्यंत त्यांनी वाट अडवून धरली. त्यावरून तिचे नाव पावनखिंड झाले. अरुंद दारातून जो वाचून गेला तो एकटा आपल्या बळावर गेला नाही. रुंद वाटेवरचा मार दुसऱ्याने त्याच्या जागी अंगावर घेतला. हे सांगताना मुलांपैकी एकीने, नऊ वर्षांच्या पोरीने, मध्येच विचारले, "मग त्या काशीदाला माहीत होतं, आपण मरणार ते?" मी होय म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. प्रभूच्या क्रूसाविषयी त्या दिवशी मला वेगळे प्रवचन करावे लागले नाही.

येत्या नाताळच्या सुटीत ज्यांना पन्हाळ्यास जावयाचे आहे त्यांनी राजदिंडी कोठे आहे हे गडावरील कोणासही विचारावे. तेथील लोक दाखवितात. पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, पायांत घट्ट वहाणा असाव्यात, आणि पावसात मुलांस खाली नेऊ नये, कारण दगड निसरडे होतात. ज्या वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरच तटाशी बसावे. तेथून पश्चिमेस मसाईचे पठार दिसते.