रंगीत घड्याळ

एका नभोनाट्यासाठी माहिती गोळा करायला इंग्लंडमध्ये, नॉरफोकातल्या नीटिसहेडच्या रडार संग्रहालयात गेले होते. इमारत १९४२ सालची, हवाई दलाची. माझी नायिका महायुद्धात नकाशावर विमानांच्या खुणा मांडणारी मुलगी. तिच्या तोंडी घालायला चांगली दणदणीत वाक्यं मी घरीच लिहून ठेवली होती!

त्या काळच्या मुलींच्या कामात मला धरून ठेवलं ते एका घड्याळानं. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे. मिनिटकाटा ज्या रंगावर, त्याच रंगाचे बाण मुली लांब काठीनं नकाशावर सरकवायच्या. रंग शिळा झाला की बाण उचलायचा. विमान काही तिथं थांबलेलं नसायचं.

आणि तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय म्हणून सांगते. फेब्रुवारी १९३५ मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी रडारचा आपला पहिला प्रयोग केला, तो बीबीसीच्या डेव्हेंट्रीच्या प्रक्षेपकावर. कार्यक्रम ऐकवणाऱ्या केंद्राच्याच लहरी विमानावर आपटून परतल्या, आणि विमानाचा पत्ता लागला.

परतीच्या गाडीत नायिकेची सगळी भाषणं खोडली. आता ती एवढंच म्हणते, “पिवळा उचल. लाल ठेव.”