बरी आहेस ना?

लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांना २०१८ साली स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये त्या केशविरहित डोक्यानेच रॅम्पवर चालल्या. टाळ्या पडल्या, ते ठीकच. पण तरुण बाईची कसोटी पुढे लांबत जाते. कुणाची पाळी अवेळी थांबते. बीजांडं गोठवून ठेवायची का, हे केमोआधीच्या घाईत ठरवावं लागतं. अनेकींना पाच-दहा वर्षं रोज हार्मोनरोधक गोळी घ्यावी लागते. आणि भेटेल तो विचारतो, "आता बरी आहेस ना?" विचारणाऱ्याला 'हो'च ऐकायचं असतं! २०२५ मध्ये ताहिरांचा आजार उलटला. तेही त्यांनी जाहीर सांगितलं, आणि बायकांना म्हणाल्या, तपासणी नियमित करत राहा.