विरोधकाच्या मतदाराचे मोल

यादवी युद्धातून जन्माला आलेल्या राष्ट्रांत लोकशाही अखंड टिकणे ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अपवादानेच घडलेली गोष्ट आहे आणि आयर्लंड हा त्यातील एक ठळक अपवाद आहे. ६ डिसेंबर १९२१ रोजी ब्रिटनशी झालेल्या तहाने देशाला वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य मिळाले, पण राजनिष्ठेची शपथ कायम राहिली. डॉइल म्हणजे आयरिश लोकसभागृह. त्याने हा तह ६४ विरुद्ध ५७ अशा निसटत्या बहुमताने स्वीकारला आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले सहकारी जून १९२२ ते मे १९२३ या काळात एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. तहवादी सरकारने सत्तरहून अधिक बंदिवानांना देहदंड दिला. देशाचे दोन प्रमुख पक्ष याच दुभंगातून निघाले: एमन डी व्हॅलेरा यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेला फिआना फॉइल तहविरोधी परंपरेचा, तर १९३३ मध्ये आकाराला आलेला फिने गेल तहवादी परंपरेचा. आयर्लंडच्या पंतप्रधानाला टीशॉक म्हणतात आणि आजवरचा प्रत्येक टीशॉक या दोहोंपैकी एका परंपरेतूनच आलेला आहे.

एवढे रक्त सांडूनही हे वैर संसदेच्या चौकटीत कसे सामावले गेले, या प्रश्नाला अभ्यासकांनी अनेक उत्तरे दिली आहेत. ब्रिटिश संसदीय वळण, शिस्तबद्ध नोकरशाही, नि:शस्त्र पोलीस दल आणि धर्मसंस्थेचा प्रभाव ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते, ज्याची दखल त्या मानाने कमी घेतली जाते आणि जे आजही कामात आहे. ते म्हणजे मत मोजण्याची रीत.

आयर्लंडमध्ये निवडणूक एकल संक्रमणीय मत पद्धतीने होते. महाराष्ट्रातील वाचकाला ही पद्धत विधान परिषदेच्या निवडणुकीतील ‘पहिल्या पसंतीची मते’ आणि ‘कोटा’ या शब्दांमुळे ओळखीची आहे; फरक इतकाच की तिथे ती प्रत्येक सामान्य मतदाराच्या हाती आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जातात आणि मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. चार जागांच्या मतदारसंघात ५०,००० वैध मते पडली, तर जागांच्या संख्येत एक मिळवून आलेल्या पाचने मतांना भागायचे आणि भागाकारात एक मिळवायचा. म्हणजे कोटा १०,००१ ठरतो. तो ओलांडणाऱ्याची शिल्लक मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, कोणीच कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते वाटली जातात आणि सर्व जागा भरेपर्यंत फेऱ्या चालू राहतात.

मतमोजणीच्या केंद्रात या पद्धतीचे खरे रूप दिसते. पेट्या उघडून कागदी मतपत्रिका टेबलावर पसरल्या की कठड्यापलीकडे उभे असलेले निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते मान पुढे काढून प्रत्येक पत्रिकेवरील आकडे टिपतात, परस्परांशी नोंदी ताडून पाहतात आणि पहिल्या फेरीचा निकाल जाहीर होण्यापूर्वीच बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधतात. मग एकेक उमेदवार बाद होत जातो, त्याचे गठ्ठे सुटून इतरांच्या ढिगांवर पडतात आणि काही मतदारसंघांत हे काम दिवसचे दिवस चालते. ५ कोटींहून अधिक युरो खर्चून घेतलेली मतदान यंत्रे देशभर कधीच वापरली गेली नाहीत आणि २०१२ मध्ये ती मोडीत निघाली; मत हाताने आणि डोळ्यांदेखत मोजले जाण्याची खात्री तिथल्या समाजाला वेगापेक्षा महत्त्वाची वाटली.

या पद्धतीचा पहिला मोठा परिणाम यादवीच्या पाठोपाठच दिसला. ऑगस्ट १९२३ च्या निवडणुकीच्या वेळी यादवीत हरलेल्या तहविरोधकांचे असंख्य कार्यकर्ते तुरुंगात होते आणि खुद्द डी व्हॅलेरा यांना प्रचारसभेत अटक झाली होती. तरीही सुमारे २७ टक्के मते मिळवून त्यांनी १५३ पैकी ४४ जागा जिंकल्या. त्या जागांवर बसायला त्यांनी चार वर्षे नकार दिला, पण त्या आपल्या हक्काच्या आहेत आणि मते वाढली तर त्याच प्रमाणात त्या वाढतील, हे त्यांना दिसत होते. पराभूताला संसदेचे दार बंद नाही हे कळले की बंदुकीचा मार्ग निरर्थक ठरू लागतो. १९२७ मध्ये डी व्हॅलेरा यांचा पक्ष शपथेचा प्रश्न बाजूला सारून डॉइलमध्ये आला आणि मार्च १९३२ मध्ये, युद्ध संपून नऊ वर्षेही होत नाहीत तोच, विजेत्यांनी पराभूतांकडे शांततेने सत्ता सोपवली.

त्याच बेटाच्या उत्तर भागात नेमके उलट घडले. ब्रिटनच्या अधिपत्याखाली राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्येही सुरुवातीला हीच पद्धत होती आणि तिच्यामुळेच १९२० मध्ये डेरी शहराला पहिला कॅथलिक महापौर लाभला. पण ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या युनियनिस्ट पक्षाने १९२२ मध्ये स्थानिक संस्थांसाठी आणि १९२९ मध्ये प्रांतिक संसदेसाठी ती रद्द केली. प्रभागांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि कॅथलिक बहुसंख्येच्या डेरीत कित्येक दशके युनियनिस्टांची सत्ता राहिली. १९७२ मध्ये ती प्रांतिक संसद गुंडाळावी लागली, तोवर रस्त्यांवर हिंसाचार पेटला होता आणि पुढे त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्या शोकांतिकेला अनेक कारणे होती. तरीही पराभूताला कायमचे पराभूत ठेवणारी रचना त्यांपैकी एक होती, हे नाकारता येत नाही. १९७३ मध्ये तीच जुनी पद्धत परत आणावी लागली, यातच त्याची कबुली आहे.

दक्षिणेतही ही पद्धत मोडण्याचे प्रयत्न झाले. सर्वांत मोठा पक्ष असलेल्या फिआना फॉइलला एका जागेच्या मतदारसंघांची साधी बहुमत पद्धत लाभाची होती. परंतु ही पद्धत १९३७ च्या राज्यघटनेत लिहिलेली असल्याने सार्वमताशिवाय ती बदलता येत नव्हती. १७ जून १९५९ रोजी याच प्रश्नावरचे सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक एकाच वेळी झाली. मतदारांनी डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्ष केले आणि त्याच दिवशी त्यांचा प्रस्ताव फेटाळला. १९६८ मध्ये तो पुन्हा मांडला गेला, तेव्हा विरोध ६० टक्क्यांवर गेला. नेत्यावर प्रेम करावे, पण त्याच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नये, हा विवेक त्या जनतेने दाखवला आणि तो कोणत्याही तरुण लोकशाहीने अभ्यासावा असा आहे.

या पद्धतीचे दोष लपवण्याचे कारण नाही. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकाच मतदारसंघात परस्परांशी झगडत असल्याने खासदाराचा वेळ कायदे करण्याऐवजी रस्ता, पेन्शन आणि रुग्णालयातील खाट यांच्या अर्जांत जातो. विधिमंडळ त्यामुळे सरकारपुढे दुबळे राहते. सरकार बनायलाही विलंब लागतो. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीनंतर ते जूनअखेर बनले. पण ते बनले तेव्हा यादवीतून निघालेले दोन्ही पक्ष, ग्रीन पक्षाला सोबत घेऊन, प्रथमच एका मंत्रिमंडळात बसले आणि पंतप्रधानपद त्यांनी पाळीपाळीने वाटून घेतले: आधी मीहॉल मार्टिन, मग ज्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडच्या कुटुंबातले ते लिओ वराडकर.

भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेतून आली, पण सामान्य मतदाराच्या हाती पसंतीक्रम देण्याची कल्पना आली नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निरक्षरता आणि अस्थिर सरकारांची भीती या कारणांनी तिला विरोध केला. निरक्षर बहुसंख्येच्या नवजात देशासाठी तो इशारा वाजवी होता. मात्र एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीखाली आयर्लंडमध्ये फिआना फॉइल १९३२ पासून १९४८ पर्यंत सलग सत्तेवर होता, म्हणजे अस्थिरता तिच्यात अटळ नाही. आज ती भारतात राज्यसभेसाठी आणि विधान परिषदेच्या आमदारांनी निवडायच्या जागांसाठी वापरली जाते, पण तिथे पसंतीक्रम बहुधा पक्षकार्यालयात ठरतो आणि पद्धतीचा आत्मा हरवून केवळ गणित उरते.

तो आत्मा आयरिश उमेदवाराच्या एका रोजच्या विनंतीत आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कट्टर समर्थकाचे दार ठोठावून तो म्हणतो, ‘पहिली पसंती त्यांना द्या, दुसरी मला द्या.’ ही विनंती करणाऱ्याला त्या घराबद्दल चव्हाट्यावर विखारी बोलता येत नाही, कारण संध्याकाळी त्याच दारात जायचे असते. सौजन्य ही नेत्यांच्या स्वभावावर सोडून देण्याची गोष्ट नव्हे. विरोधकाच्या मतदारालाही मोल आहे असे जी रचना ठरवते, तिच्यात ते रुजते आणि शंभर वर्षांपूर्वी एकमेकांचे रक्त सांडलेल्या माणसांचे वारस एका टेबलाभोवती बसू शकतात.