मागच्या हप्त्यात न दाखवलेलं

भाचा न्यू जर्सीहून आला तेव्हा बदामाच्या पाकिटांखालून एक जड पिशवी निघाली. "मामा, तुम्ही घोड्यांच्या पिच्चरच्या गोष्टी सांगत होते ना, घ्या." पिशवीत 'बोनान्झा' आणि 'गनस्मोक'चे डीव्हीडी संच होते, १९३९ ची 'झोरोज फायटिंग लीजन' ही बारा भागांची चित्रमालिका होती आणि तळाशी १९७८ ची 'द अवेकनिंग लँड'. माळ्यावरचा प्लेअर काढून पुसला, तर तो अमेरिकेच्या तबकड्या वाचेना. तिकडचा विभाग वेगळा, आपला वेगळा. सीताबर्डीवरच्या एका दुकानदारानं रिमोटवर काही आकडे दाबून तो 'मोकळा' करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. एवढ्या जुन्या वस्तूचे काय घ्यायचे, असं त्याचं म्हणणं.

सगळा पावसाळा मी बुटीबोरीतल्या घरात बसून हे पाहिलं. बाहेर हायवेवर ट्रेलर, आत घोडे.

चित्रमालिका म्हणजे टीव्हीच्या आधीची सिरियल. टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटासोबत वीसेक मिनिटांचा एक भाग, असं बारा किंवा पंधरा आठवडे चालायचं. भागाच्या शेवटी नायक हमखास मरणार. त्याची घोडागाडी कड्यावरून कोसळते, नाहीतर तो शिरलेली खाण उडते. पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग सुरुवातीला पुन्हा दाखवतात आणि आता त्यात एक शॉट जास्तीचा असतो. गाडी कड्यावरून जायच्या आधीच नायकानं उडी मारलेली असते. मागच्या आठवड्यात ही उडी नव्हती. टॉकीजमधल्या पोराला ते कळायचं नाही, कारण मध्ये सात दिवस गेलेले, शाळा झालेली, मार खाऊन झालेला. या धंद्यातला सगळ्यात स्वस्त नट म्हणजे ते मधले सात दिवस. मुंबईत वाडिया बंधूंनी या मालिकांची विद्या चांगलीच घोटली होती. १९३५ च्या 'हंटरवाली'तली नाडिया त्याच घराण्यातली.

घरच्या व्हिडिओवर मात्र हा नट कामावरून निघतो. मी दोन भाग लागोपाठ लावले, रिमोट घेऊन चारदा मागे-पुढे केलं. चोरी धडधडीत दिसली. आधी हसू आलं, मग जरा फसवल्यासारखं वाटलं, आणि नंतर ते डोक्यात बसलं. पुढे जे काही पाहिलं त्यात मी तोच न दाखवलेला शॉट शोधू लागलो.

आमच्याकडे हे पिच्चर टॉकीजमधून कमी आणि भाड्याच्या व्हिडिओवरून जास्त आले. १९८२ च्या एशियाडनंतरची ती वर्षं. बारसं, लग्न, गणपती, काहीही निमित्त असलं की नागपुरातून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर यायचा, सोबत तीन कॅसेटी. पहिली देवाची, दुसरी अमिताभची आणि तिसरी, पहाटे लावायची, दुकानदार जी देईल ती. चित्रात मुंग्या आल्या की मशीनवाला पोरगा झाकण उघडून कोऱ्या नोटेचा कोपरा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि हेडवर हलक्या हातानं फिरवायचा. तेवढ्या वेळात चहा.

असंच एकदा तिसरी कॅसेट म्हणून 'मॅकेनाज गोल्ड' आली. अर्धं अंगण झोपलेलं. अंगणाच्या काठाला, घोंगडी पांघरून, आमचा सालदार बसला होता. गोंड होता, आम्ही पोरं त्याला काका म्हणायचो. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं, घोडे पळत होते तेवढं पुरे होतं. त्यानं मध्येच विचारलं, "पन रान कोनाचं व्हय ते?"

"सोन्याचा पिच्चर हाय काका, रानाचा नाही," कोणीतरी म्हणालं, आणि जागे होते तेवढे हसले. मीही हसलो.

आता तो पिच्चर पुन्हा पाहताना कळतं की त्या रात्री अंगणात कथा एकट्या त्यालाच समजली होती. सोनं अपाचे लोकांचं, दरीही त्यांची. बाकीचे सगळे शिरलेले. भाषा कळत नसल्यामुळे बहुधा त्याला ते स्वच्छ दिसलं असेल. संवाद आमचंही लक्ष दुसरीकडे नेऊ शकत नव्हते, पण आम्ही आधीच नायकाच्या घोड्यावर बसलो होतो.

'बोनान्झा'ची सुरुवात पाहा. पडद्यावर आधी नकाशा येतो, कार्टराइट कुटुंबाच्या पाँडेरोसा या रँचचा. मग नकाशा मध्यातून पेटतो आणि त्या भोकातून बाप आणि मुलं घोडे दौडवत आपल्या अंगावर येतात. नकाशा आधी, माणसं मागून. रँच दाखवलेली आहे टाहो सरोवराकाठी, आणि तो मुलूख मुळात वाशो लोकांचा. ते नकाशावर नाहीत. 'गनस्मोक' १९५५ पासून १९७५ पर्यंत चालली, ६३५ भाग झाले. मी तीसेक पाहिले. मार्शल डिलन खून, चोरी, जुगार, सगळ्याचा निवाडा करतो. डॉज सिटीखालची जमीन डॉज सिटीखाली कशी आली हे प्रकरण त्या तीस भागांत त्याच्याकडे आलं नाही. मालिका वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट छोट्या गावातल्या माणसांची ओढाताण तिच्याइतक्या संयमानं आजच्या सिरियली दाखवत नाहीत. पण पहिला भाग सुरू व्हायच्या आधी एक उडी मारून झालेली आहे, आणि ती कॅमेऱ्यानं घेतलेली नाही.

इथे कोणी 'शोले' आणणारच. आपला वेस्टर्न म्हणजे १९७५ चा 'शोले', असं आपण सहज बोलून जातो. खडक, घोडे, आगगाडीवरचा हल्ला, सगळं आहे. घरच्या व्हिडिओचा सगळ्यात मोठा चमत्कारही त्याच्याच बाबतीत झाला. टॉकीजमध्ये शेवटी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो, कारण आणीबाणीच्या काळातल्या सेन्सॉरला दुसरा शेवट चालला नाही. पुढे व्हिडिओवर मूळ शेवटाची प्रत फिरू लागली, तिच्यात ठाकूर गब्बरला संपवतो. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला दुरुस्त प्रत दाखवली, तीही याच शेवटाची. न दाखवलेला शॉट पन्नास वर्षांनी सापडला म्हणायचा. तरीही 'शोले' मला वेस्टर्नच्या पोटातला वाटत नाही. रामगड जुनं आहे. तिथे मशीद आहे, पाटी-पेन्सिलीच्या वयापासून एकमेकांना ओळखणारी माणसं आहेत, आणि डाकू येतात ते धान्य मागायला. जमीन कोणाची हा प्रश्नच त्या गावात उठत नाही. अमेरिकन वेस्टर्नमधलं गाव नवं असतं, लाकडाचा वास न गेलेलं. कायदा यायचा असतो, रेल्वे यायची असते, आणि कुंपण कुठून घालायचं यावर गोळ्या चालतात.

असं गाव मला ओळखीचं आहे, कारण मी त्यात राहतो.

आमच्याकडे रेल्वे आधीच आली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची लाइन वर्ध्याकडून नागपूरला १८६७ मध्ये पोचली. अमेरिकेचे दोन किनारे रुळांनी जोडले गेले ते १८६९ मध्ये. तिकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं अर्जदाराला १६० एकर मिळत. बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. योगायोग आहे, त्यावर फार ताण देऊ नये. इथे सातबारा आहे, कलम ३२ ची नोटीस आहे, मोबदला आहे, कोर्ट आहे. तिकडे घोडदळ होतं. आमचं वावर त्या महामंडळाकडे गेल्यावर माझ्या बापाला फार दुःख झालं असं मी लिहिलं तर वाचकाला बरं वाटेल, पण ते खोटं ठरेल. कोरडवाहू पऱ्हाटी होती, तीन वर्षांतून एकदा पिकायची. पैसे आले, स्लॅबचं घर झालं, बहिणीचं लग्न झालं, आणि बापानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता मोटारसायकल घेतली. आज ज्यांना त्या धुऱ्यावरच्या बोरींची आठवण येऊन गहिवर दाटतो त्यांच्यात बाप कधीच नव्हता. त्याला विचारलं तर म्हणायचा, "काटे विसरले काय?"

आणि सालदार? वावरच गेलं तर सालदारी कशाची. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, पिकाचं नाव असतं. ते पीक कोणी निंदलं याला रकाना नाही. कोणी नियम मोडला नाही. त्याच्या नावानं नोटीस निघायचं कारणच नव्हतं. ज्याच्या जातीच्या राजानं, देवगडच्या बख्त बुलंदनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं, तो एका पोळ्यानंतर दिसला नाही, एवढंच. मी तेव्हा नागपुरात होस्टेलवर होतो. दिवाळीत गावी आलो तेव्हा वावराच्या जागी मुरूम पडला होता आणि तारेचं कुंपण होतं. दोन भागांच्या मध्ये काय झालं, मी पाहिलं नाही. विचारलंही नाही.

पिशवीच्या तळाची 'द अवेकनिंग लँड' मी शेवटी लावली. कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्यांवरची ही टीव्ही मालिका. मराठी वाचकाला त्या जी. ए. कुलकर्णींमुळे ठाऊक आहेत, 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी. ओहायोच्या दाट झाडीत आलेली सेवर्ड ही बाई झाडांना शत्रू मानून तोडते, शेत काढते, शेतावर गाव उभं राहतं, आणि म्हातारपणी तिला तीच झाडं आठवू लागतात. मालिका ठीकच आहे. झाडं हवी तेवढी अंगावर येत नाहीत, जीएंच्या मराठीत येतात. पण ती तीन नावं ओळीनं म्हणून पाहिली की चौथं आपोआप तोंडात येतं, आणि आमच्या बसच्या पाटीवर ते लिहिलेलंच असतं: एमआयडीसी.

परवा नातू शेजारी बसला होता. झोरोचा सहावा भाग संपला, सातवा लागला. मागच्या भागाचा शेवट पुन्हा सुरू झाला तसा त्यानं रिमोट उचलून तो सरसर पुढे ढकलला.

"थांब, मागं घे," मी म्हणालो.

"आबा, ते पाहिलं ना आपण आत्ताच."